तौबा आणि उपचार : ‘आइस’ व ‘एमडी’ची नशा आणि आपली जबाबदारी



दारू हराम आहे हे आपल्या समाजात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. एखाद्याचे पाऊल दारूच्या दुकानाकडे वळले तरी मोहल्ल्यात त्याची चर्चा होते. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांत अशी एक नशा शिरली आहे की जिचा तोंडाला वास येत नाही, जिने सुरुवातीला चाल अडखळत नाही आणि जी करणारा तरुण पहिले काही दिवस उलट अधिक तरतरीत, बोलका आणि कामसू भासतो. वैद्यकीय भाषेत तिचे नाव मेथॅम्फेटामिन. बोलीत तिला ‘आइस’ किंवा ‘क्रिस्टल’ म्हणतात. तिच्याच जातकुळीतील मेफेड्रोन हे रसायन मुंबईपासून मराठवाड्यापर्यंत ‘एमडी’ या दोन अक्षरांनी ओळखले जाते. २०२३ साली नाशिकजवळ आणि २०२४ साली दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एमडी बनविणारे कारखाने उघडकीस आणले. तेव्हा हा प्रश्न केवळ महानगरातील श्रीमंतांच्या मेजवान्यांपुरता राहिलेला नाही.

या विषयावर मशिदीत सल्ल्यासाठी येणारे पालक बहुधा दोन टोकांवर उभे असतात. काहींच्या मते मुलगा कायमचा वाया गेला. आता त्याचे नाव घरात नको. काहींना वाटते की इमामसाहेबांनी त्याच्याकडून एकदा तौबा करवून घेतली, शपथ घातली की प्रश्न मिटला. पहिल्या समजुतीत अल्लाहच्या कृपेविषयी निराशा आहे. दुसरीत अल्लाहने निर्माण केलेल्या शरीराच्या नियमांविषयी अज्ञान आहे. प्रस्तुत लेखात एकच गोष्ट स्पष्ट करावयाची आहे. तौबा आणि उपचार हे परस्परांना पर्याय नव्हेत. या व्यसनात सापडलेल्या माणसासाठी उपचार घेणे हा तौबा पूर्ण करण्याचाच भाग आहे.

‘ही काही दारू नाही’

नशा करणारे तरुण प्रथम हाच युक्तिवाद पुढे करतात. ‘हिने शुद्ध हरपत नाही, उलट झोप उडते, काम होते. मग ही हराम कशी?’

दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून दिलेल्या एका प्रवचनात ‘खम्र’ची व्याख्या केली आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती आढळते. द्राक्ष, खजूर, मध, गहू आणि जव यांपासून होणाऱ्या मद्याचा उल्लेख करून त्यांनी सांगितले, की जे बुद्धीवर आवरण घालते ते खम्र होय. ‘खम्र’ या अरबी शब्दाच्या मुळाशी झाकण्याचाच अर्थ आहे. म्हणजे पदार्थ द्रव आहे की भुकटी, तो पितात की हुंगतात, हा मुद्दा गौण ठरतो. तो बुद्धीचे काय करतो, हा मुद्दा मुख्य आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून अबू दाऊदमध्ये आलेल्या हदीसनुसार तर अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी नशा आणणाऱ्या पदार्थासोबत शरीराला गलितगात्र करणाऱ्या पदार्थासही मनाई केली आहे.

येथे इतिहासातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. मेफेड्रोन ज्या कॅथिनोन गटात मोडते, त्या गटाचे मूळ द्रव्य येमेन व पूर्व आफ्रिकेत चघळल्या जाणाऱ्या ‘कात’ नावाच्या झुडपाच्या पानांत असते. (आपल्या पानात पडणाऱ्या काताशी याचा संबंध नाही.) सोळाव्या शतकात मक्केतील थोर शाफई विद्वान इब्ने हजर हैतमी (रह.) यांच्यासमोर या पानांचा प्रश्न आला. पानांच्या परिणामांविषयी परस्परविरोधी साक्षी मिळाल्याने त्यांनी ती सरसकट हराम ठरविली नाहीत. तरीही विवेकी माणसाने त्यांपासून दूर राहावे, असा सल्ला त्यांनी दिला. साध्या हिरव्या पानाविषयी आपल्या विद्वानांनी इतकी सावधगिरी बाळगली. मग कारखान्यात बनलेल्या आणि माणसाला भ्रमिष्ट करणाऱ्या तीव्र भुकटीविषयी शंका कसली उरते?

राहिला ‘फायद्या’चा मुद्दा. सूरह अल्-बकराच्या २१९व्या आयतीत मद्य व जुगार यांत लोकांसाठी काही लाभ असल्याचे नाकारलेले नाही. परंतु त्यांचा अपराध लाभापेक्षा मोठा असल्याचे सांगितले आहे. मेथॅम्फेटामिनचा इतिहास या तत्त्वाची जणू साक्षच देतो. १८९३ साली जपानमध्ये नागाई नागायोशी या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी जर्मनी व जपान या दोन्ही देशांत त्याच्या गोळ्या वापरल्या गेल्या. युद्ध संपले आणि जपानमध्ये व्यसनाची इतकी मोठी लाट उसळली, की १९५१ मध्ये त्या देशाला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. जागे राहण्याचा लाभ काही रात्रींचा होता. हानी पुढील अनेक वर्षे भोगावी लागली.

मेंदूत काय घडते?

अल्लाहने मानवी मेंदूत आनंद व उत्साहाची एक व्यवस्था ठेवली आहे. भूक लागली असता जेवण मिळाले, कष्टाचे फळ मिळाले, आपले मूल हसले, की मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य मोजक्या प्रमाणात स्रवते. ‘हे चांगले आहे, पुन्हा कर,’ असा तो संदेश असतो. मेथॅम्फेटामिन या साठ्याचे दार जबरदस्तीने उघडते आणि बाहेर आलेले डोपामिन परत आत जाऊ देत नाही. त्यामुळे जो आवेग निर्माण होतो तो कोणत्याही नैसर्गिक आनंदाच्या कितीतरी पट असतो आणि अनेक तास टिकतो.

वारंवार असे घडल्यावर मेंदू आपली संवेदनशीलता कमी करून घेतो. मग आईच्या हातचे जेवण, मित्रांची संगत, ईदची सकाळ, सज्द्यातील शांती यांतील कशानेच त्या तरुणाचे मन हलत नाही. घरचे म्हणतात, ‘हा दगड झाला आहे.’ वस्तुतः त्याची आनंद घेण्याची क्षमताच जखमी झालेली असते. निर्णय घेण्याचे व स्वतःला आवरण्याचे काम करणारा मेंदूचा भागही दुबळा होतो. पहिला दम घेणे हा त्याचा निर्णय होता आणि त्याचा जाब त्याला द्यावाच लागेल. परंतु शंभराव्या वेळी त्याचा हात पुढे जातो तेव्हा केवळ ‘निश्चय कर’ एवढे सांगून भागत नाही. पाय मोडलेल्या माणसाला ‘चाल’ म्हणण्यासारखे ते आहे.

यात आशेची बाजूही आहे. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, मेंदूच्या प्रतिमांवर आधारित एका अभ्यासात असे आढळले, की वर्षभराहून अधिक काळ नशेपासून दूर राहिलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील डोपामिन-व्यवस्थेची बऱ्याच अंशी पुनर्बांधणी झाली होती. मात्र स्मरणशक्ती व हालचालींतील सुधारणा तितकी पूर्ण नव्हती. म्हणजे जखम भरते, पण सावकाश भरते. महिनाभरात मुलगा ‘पूर्वीसारखा’ झाला नाही म्हणून हताश होणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ओळखावे कसे?

दोन-दोन, तीन-तीन रात्री झोप नाही आणि त्यानंतर सलग दीड-दोन दिवसांची झोप, ही या नशेची ठळक खूण आहे. त्यासोबत भूक मंदावणे, वजन झपाट्याने घटणे, बाहुल्या विस्फारलेल्या राहणे, दात खाणे व जबडा आवळणे, अखंड बडबड, अकारण संताप आणि पैशांची सतत चणचण ही लक्षणे दिसतात. भुकटी हुंगणाऱ्याच्या नाकातून वारंवार रक्त येते. दीर्घकाळच्या वापराने दात किडतात. पुढील अवस्थेत संशय बळावतो. कोणी पाठलाग करीत आहे, घरचे जेवणात काही मिसळत आहेत, कातडीखाली किडे फिरत आहेत, असे त्याला वाटू लागते. आवाज ऐकू येतात.

अनेक कुटुंबे येथेच चुकतात. या अवस्थेला ‘सावली’, ‘जिन्न’ किंवा ‘करणी’ समजून महिनोन्‌महिने आमिल-बाबांकडे खेटे घातले जातात. जिन्नांचे अस्तित्व आपण मानतो. परंतु डोळ्यांसमोर कारण दिसत असताना अदृश्य कारण शोधीत बसणे ही दीनची शिकवण नव्हे. यातील बहुतेक रुग्णांचा भ्रम नशा थांबवून योग्य औषधे दिल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. काहींचा टिकतो आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञाच्या दीर्घ देखरेखीची गरज असते. उशीर झाला, तर नुकसान रुग्णाचेच होते.

तौबेच्या अटी उपचाराकडेच नेतात

विद्वानांनी तौबेच्या अटी सांगितल्या आहेत : पाप सोडणे, झाल्याबद्दल पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा दृढ निश्चय करणे आणि कोणाचा हक्क बुडविला असेल तर तो परत करणे. आता विचार करा. ज्याला पश्चात्ताप आहे, निश्चयही आहे, परंतु ज्याचा मेंदू त्याला पाप ‘सोडू’ देत नाही, त्याने पहिली अट पूर्ण कशी करावी? ती पूर्ण करण्याचे साधन उपचार आहे. फिकहचा नियम असा, की अनिवार्य कर्तव्य ज्यावाचून पुरे होत नाही ते साधनही अनिवार्य ठरते. नमाजसाठी वुजू जशी, तशी या रुग्णाच्या तौबेसाठी उपचाराची वाट.

पूर्वसूरींना याची जाण होती. हनफी फिकहच्या ‘रद्दुल मुहतार’ या ग्रंथात अल्लामा इब्ने आबिदीन (रह.) यांनी वर उल्लेखिलेल्या इब्ने हजर मक्की यांचा एक फतवा नोंदविला आहे. अफूची इतकी सवय लागलेला माणूस की ती न मिळाल्यास जीव जाईल, त्याने काय करावे, असा प्रश्न होता. उत्तराचा आशय असा, की प्राण वाचविण्याच्या निकडीपुरती त्याला मुभा आहे. परंतु थोडी थोडी कमी करीत शरीराची सवय मोडणे त्याच्यावर अनिवार्य आहे आणि हे प्रयत्न न करणारा गुन्हेगार ठरेल. मेथॅम्फेटामिनच्या बाबतीत अशी मुभा मागण्याचे कारण नाही. ते एकदम थांबविल्याने सहसा जीव जात नाही. तथापि व्यसन शरीरात मुरते आणि ते काढण्यासाठी पद्धतशीर प्रयत्न करणे हे धार्मिक कर्तव्य आहे, हे तत्त्व आपल्या फिकहमध्ये शतकांपूर्वी मान्य झालेले आहे, हे यातून दिसते. उपचार करा, कारण अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही ठेवला आहे, अशा आशयाची प्रेषितांची (स.) शिकवण अबू दाऊद व तिरमिजी यांत आहेच.

उपचार कसा होतो?

पहिला टप्पा नशा थांबल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांचा असतो. रुग्ण खूप झोपतो, खूप खातो आणि त्याला खोल उदासी घेरते. या काळात आत्महत्येचे विचार येण्याचा धोका असतो. म्हणून त्याला एकटे ठेवू नये आणि तज्ज्ञ डॉक्टरांची देखरेख असावी. छातीत कळ, अंग भाजल्यासारखा ताप, झटके, अनावर हिंसा किंवा जीव देण्याची भाषा दिसली तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे आणि तो महिनोन्‌महिने चालतो. या व्यसनावर अद्याप असे एकही अधिकृत औषध नाही, की जे घेताच ओढ नाहीशी व्हावी. २०२१ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत नॅल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन व ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र दिल्यावर १३.६ टक्के रुग्णांत परिणाम दिसला. ही औषधे न मिळालेल्यांत तो केवळ २.५ टक्के होता. म्हणजे औषधाची मदत होऊ शकते, परंतु त्यावर सर्व भिस्त ठेवता येत नाही. उदासी, भ्रम, निद्रानाश यांसाठी डॉक्टर जी औषधे देतात ती नशा नव्हेत; ‘एक गोळी सोडून दुसरी लागली’ असे म्हणून ती परस्पर बंद करू नयेत.

मुख्य उपचार समुपदेशनाचा आहे. कोणती जागा, कोणता मित्र, कोणता प्रहर आला की ओढ उठते, हे रुग्ण तज्ज्ञाच्या मदतीने ओळखतो आणि ती वेळ टाळण्याचे किंवा निभावण्याचे मार्ग शिकतो. दुसरी परिणामकारक पद्धत प्रोत्साहनाची आहे : लघवीच्या तपासणीत नशा आढळली नाही की प्रत्येक वेळी लहानसे बक्षीस. ऐकताना ही पोरकट वाटेल. परंतु उत्तेजक नशांच्या उपचारात तिच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे. आनंद हरवलेल्या मेंदूला छोट्या, हलाल आनंदाची पुन्हा सवय लावण्याचा हा मार्ग आहे. आपल्या दीनमध्येही केवळ भय नाही, प्रोत्साहनही आहे, हे आपण जाणतोच.

संगत बदलण्याविषयी एक हदीस येथे आठवते. नव्याण्णव हत्या केलेल्या आणि नंतर आणखी एक करून शंभर पुऱ्या केलेल्या माणसाची हकीकत बुखारी व मुस्लिममध्ये आहे. तो तौबेची वाट विचारीत एका विद्वानाकडे आला. त्या विद्वानाने तौबेचे दार उघडे असल्याचे सांगितलेच. शिवाय आपली वाईट वस्ती सोडून सज्जनांच्या वस्तीत जाण्यास बजावले. पुनर्वसनशास्त्र आज हेच सांगते. जुन्या टोळक्याच्या कट्ट्यावर बसून नशा सुटत नाही. फोनमधील विक्रेत्याचा क्रमांक पुसणे, रोजचा रस्ता बदलणे, रात्री वेळेवर झोपणे ही कामे लहान दिसतात. तौबेचा खरेपणा त्यांतच दिसतो. रात्र-रात्र इबादत करणारे हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनाही प्रेषितांनी (स.) शरीराचा आणि डोळ्यांचा हक्क असल्याची आठवण दिली होती. मग नशेसाठी झोपेचा हक्क बुडविणाऱ्याने काय समजावे?

घसरला तर?

उपचारानंतरही अनेकजण एकदा-दोनदा पुन्हा घसरतात. अशा वेळी घरात ‘तुझी तौबा खोटी होती’ हे वाक्य उच्चारले जाते आणि सर्व कष्टांवर पाणी पडते. तौबा करताना निश्चय प्रामाणिक असेल, तर नंतरच्या घसरणीने मागील तौबा रद्द होत नाही; नव्याने तौबा आवश्यक ठरते आणि उपचारात कोठे उणीव राहिली हे डॉक्टरांसोबत पाहावे लागते.

बुखारीतील एक प्रसंग प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. मद्यपानाबद्दल एका सहाबींना वारंवार शिक्षा होत असे. एकदा उपस्थितांपैकी कोणीतरी त्यांना शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि त्या व्यक्तीचे अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम असल्याची ग्वाही दिली. अशाच दुसऱ्या प्रसंगी, आपल्या भावाविरुद्ध शैतानाचे साहाय्यक बनू नका, अशी ताकीद दिली. पापाला पाप म्हटले गेले, शिक्षाही टळली नाही. परंतु माणसाला समाजाबाहेर ढकलले गेले नाही.

‘नशा करणाऱ्याची चाळीस दिवस नमाज कबूल होत नाही, मग मशिदीत येऊन काय उपयोग?’ असे काही तरुण विचारतात. विद्वानांनी त्या हदीसचा अर्थ असा स्पष्ट केला आहे, की तो नमाजच्या पुण्याला मुकतो. नमाजचे कर्तव्य मात्र त्याच्यावर कायम राहते. शिवाय त्याच हदीसमध्ये तौबा करणाऱ्याची तौबा अल्लाह स्वीकारतो, हेही सांगितले आहे. नशेत असताना नमाजजवळ जाऊ नये, हा सूरह अन्-निसाच्या ४३व्या आयतीचा आदेश आहे. शुद्धीवर आल्यावर मशिदीपासून दूर राहण्यास मात्र कोणताही आधार नाही.

झाकणे आणि लपविणे

दुसऱ्याचे दोष झाकणे हे पुण्य आहे. त्यामुळे मुलाच्या व्यसनाचा मोहल्ल्यात गवगवा न करणे योग्यच. परंतु आजार डॉक्टरांपासून लपविणे म्हणजे पडदापोशी नव्हे. बहिणीच्या लग्नाचा प्रश्न येईल म्हणून मुलाला वर्षभर कोंडून ठेवणारी कुटुंबे अखेर दोन्ही गमावतात.

कायद्याची भीतीही अनेकांना रोखते. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे आणि सेवन हाही गुन्हा आहे. तथापि १९८५ च्या याच कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाशी संबंधित आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचारासाठी गेली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. कायद्यानेही उपचाराचे दार उघडे ठेवले आहे, ते आपण का बंद करावे?

केंद्र निवडताना मात्र सावध राहावे. मनोविकारतज्ज्ञ नियमित येतात काय, केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे काय, कुटुंबाला भेटू देतात काय, बाहेर पडल्यावर पाठपुरावा होतो काय, हे विचारावे. मारहाण किंवा साखळदंड असतील तेथून रुग्णाला तत्काळ काढावे. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने मृत्युमुखी पडले. ‘बाबाच्या हवाली केले’ म्हणून निश्चिंत झालेल्या कुटुंबांची ती माणसे होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे.

महाराष्ट्रात या कामाची चांगली परंपरा आहे. ब्राउन शुगरने तरुणांना ग्रासले होते तेव्हा, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मनोविकार विभागातही सल्ला व उपचार मिळतात. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. ते प्रत्येक मशिदीच्या सूचनाफलकावर लिहिलेले असावेत.

अखेरीस आपणा सर्वांना विनंती. जुम्याच्या खुतब्यात नशेविरुद्ध बोलले जाते, ते आवश्यकच आहे. परंतु त्याच खुतब्यात ‘ज्याला सोडायची आहे त्याने अमुक ठिकाणी यावे, त्याचे नाव गुप्त राहील’ हेही सांगितले जावे. जकातीच्या निधीतून गरजू रुग्णाच्या उपचारास साहाय्य कसे देता येईल, याचा विचार मशिदीच्या विश्वस्तांनी स्थानिक आलिमांच्या सल्ल्याने करावा. उपचार घेऊन परतलेल्या तरुणाला काम द्यावे आणि पहिल्या सफेत जागा द्यावी. सूरह अज्-जुमरच्या ५३व्या आयतीत अल्लाह स्वतःवर अतिरेक केलेल्या आपल्या दासांना संबोधून कृपेविषयी निराश होऊ नका असे सांगतो. ज्यांना अल्लाह ‘माझे दास’ म्हणून हाक मारतो, त्यांना परके ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हे अल्लाह, आमच्या मुलांच्या बुद्धीचे रक्षण कर. जे या दलदलीत रुतले आहेत त्यांना खऱ्या तौबेची आणि चिकाटीने उपचार घेण्याची शक्ती दे. त्यांच्या माता-पित्यांना धैर्य दे, आणि आम्हाला त्यांचा हात धरणारे बनव, त्यांना ढकलणारे नव्हे. आमीन.